देशाच्या ऊर्जेत आपली घरं आणि ऑफिसं किती खातात? आकडे आणि आकड्यांमधल्या फटी

मीटरवाचक

गच्चीवर सोलर बसवायचं की नाही यावर आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सध्या खडाजंगी चालू आहे. त्यात एका ज्येष्ठ सभासदांनी ठणकावलं, "देशाची वीज कारखाने आणि शेतीपंप वापरतात. आपण घरात चार दिवे विझवून काय उजेड पडणार?" कोटी झकास होती, पण विधान खरं आहे का ते बघावं म्हणून आकडे काढून बसले. जे सापडलं ते इथे टाकतेय, कारण ते मला वाटलं होतं तसं अजिबात नाही.

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय दरवर्षी ऊर्जेच्या आकडेवारीचं एक पुस्तक काढतं. त्यात वीज कोणी किती वापरली याचा तक्ता असतो. अलीकडच्या वर्षांत उद्योग साधारण ४१ टक्के, घरगुती सुमारे २५ टक्के, शेती १७-१८ टक्के, व्यावसायिक म्हणजे दुकानं-ऑफिसं-हॉटेलं ७-८ टक्के, रेल्वे २ टक्क्यांच्या आसपास आणि बाकी किरकोळ. घरं अधिक व्यावसायिक धरलं तर एक तृतीयांश झालं. म्हणजे देशातलं दर तिसरं युनिट कुठल्या ना कुठल्या छपराखाली, पंखा-फ्रिज-एसी-लिफ्ट-संगणक यांत जातं. शेतीपेक्षा आपण कितीतरी पुढे आहोत.

पण खरी गंमत जुन्या तक्त्यात आहे. १९७०-७१ साली उद्योगांचा वाटा ६८ टक्के होता, घरांचा जेमतेम ९ टक्के. त्या वर्षी सगळ्या देशातल्या घरांनी मिळून ३८४ कोटी युनिटं वापरली. २०२०-२१ मध्ये तोच आकडा ३३ हजार कोटींच्या आसपास आहे. ऐंशी पटींहून जास्त! आणि व्यावसायिक वाटा? तेव्हा ६ टक्के, आता ७-८. पन्नास वर्षांत मॉल आले, आयटी पार्क आले, सिंगल स्क्रीनची मल्टिप्लेक्स झाली, आणि वाटा दीड-दोन टक्क्यांनीच हलला. हे मला अजून पटलेलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा (दिवे न विझवता).

आणखी एक हिशेब. ३३ हजार कोटी युनिटं ढोबळ मानाने ३० कोटी घरांत वाटली तर एका घराला वर्षाला ११०० युनिटं येतात, महिन्याला नव्वदच्या आसपास. आपापली बिलं काढा आणि बघा. माझं एप्रिलचं बिल बघून मी गप्प बसले.

सदाशिवपेठी

बिल काढलं. ७८ युनिटं. म्हणजे आम्ही राष्ट्रीय सरासरीच्याही खाली. पेठेत राहण्याचे फायदे लोकांना कळत नाहीत ते असे.

बाकी त्या तक्त्यात सरासरी घर म्हणून जे आहे ते कुठेच नसतं हो. झारखंडातलं एक दिवा-एक पंखावालं घर आणि बाणेरमधला चार एसींचा फ्लॅट यांची बेरीज करून दोनाने भागलं की नव्वद येतं.

ओहायोकर

मीटरवाचक, छान धागा. तुलनेसाठी इकडचं सांगतो. अमेरिकेत घरं आणि व्यावसायिक इमारती मिळून देशाच्या विजेपैकी जवळपास तीन चतुर्थांश वीज वापरतात. नुसती वीज नाही, वीज बनवताना वाया जाणाऱ्या उष्णतेसकट सगळी ऊर्जा धरली तरी वाटा ४० टक्क्यांच्या आसपास जातो. सरासरी घर वर्षाला साडेदहा हजार युनिटांच्या वर, म्हणजे महिन्याला नऊशे. तुमच्या नव्वदच्या बरोबर दहापट, आणि शिवाय थंडीत घर तापवायला गॅस जातो तो वेगळा. इथे घरच्या ऊर्जेचा सगळ्यात मोठा भाग हवा गरम-थंड करण्यातच जातो.

मला जास्त कौतुक वाटतं ते मोजणीचं. घरांच्या ऊर्जेची पाहणी इथे १९७८ पासून होते, व्यावसायिक इमारतींची १९७९ पासून. १९७३ च्या तेलसंकटाने हात पोळल्यावर यांना कळलं, की वीज कंपनीला गिऱ्हाईक किती ते माहीत असतं, पण आत काय चाललंय ते माहीत नसतं. मग नमुना म्हणून निवडलेल्या घरांना विचारतात: खिडकीला काच एकेरी की दुहेरी, पाणी कशावर तापवता, फ्रिज किती जुना. २०१८ च्या व्यावसायिक पाहणीत ५९ लाख इमारती निघाल्या. भारतात एकूण व्यावसायिक इमारती किती हे कोणी सांगू शकेल का?

माणदेशी

मंडळी, सगळे विजेवरच बोलताय. वीज हा ऊर्जेचा एक तुकडा झाला. आमच्या गावी अजूनही निम्म्या घरांत चूल पेटते, आणि ज्यांच्याकडे गॅस आहे त्यांचंही आंघोळीचं पाणी बंबावर किंवा चुलीवरच तापतं. सिलिंडर असतो, तो पाहुणे आले की चहाला. हे सगळं सरपण, शेणी, तुराट्या तुमच्या तक्त्यात कुठे आहेत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी (२०१९-२१) काढून बघा. वीज ९६.८ टक्के घरांत पोचलेली, पण स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी घरं ५८.६ टक्के. उरलेली ४१ टक्के घरं मुख्यतः धुरातच. आणि हे उज्ज्वला योजना २०१६ ला सुरू झाल्यानंतरचं चित्र.

मीटरवाचक

माणदेशी, एकदम मुद्द्याचं. तुमचा प्रतिसाद वाचून गॅसचा हिशेब केला. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते. आमच्याकडे सिलिंडर दीड महिना पुरतो, म्हणजे महिन्याला १२० युनिटं गॅसची. एप्रिल-मे सोडले तर आमच्या घरात विजेपेक्षा गॅसची ऊर्जा जास्त जाते आणि मला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, कारण दोघांची बिलं वेगळ्या भाषेत येतात. पाइपच्या गॅसवाल्यांनी एक घनमीटरला दहा युनिटं धरावीत.

आता हाच स्वयंपाक चुलीवर. शेगडीत साठ-पासष्ट टक्के उष्णता भांड्याला लागते, साध्या तीन दगडांच्या चुलीत दहा-पंधरा टक्के. बाकी भिंतीला, छपराला आणि बाईच्या डोळ्यांना. म्हणजे तेवढंच अन्न शिजवायला चुलीला महिन्याला ६०० युनिटांच्या आसपास ऊर्जा लागेल. वाळक्या लाकडात किलोला चार युनिटं धरली तर दिवसाला पाचेक किलो सरपण. बरोबर आहे का?

माणदेशी

पाच-सहा किलो बरोबर. पावसाळ्यात ओलं असलं की त्याहून जास्त.

आणि बघा, तुमच्याच हिशेबाने निघालं की चुलीवरचं गरीब घर महिन्याला ६०० युनिटं 'खातं' आणि तुमचं गॅसवालं १२०. राष्ट्रीय पातळीवर ही सगळी घरं गॅसवर गेली, तर घरगुती ऊर्जेचा आकडा वाढायच्या ऐवजी खाली येईल. लोकांचं जगणं सुधारेल आणि कागदावर वापर घटेल. म्हणून नुसता 'देश किती ऊर्जा वापरतो' हा आकडा हातात घेऊन कोणी भाषण ठोकायला लागलं की मी आधी विचारतो, सरपण धरलंय का? कोळसा-तेल-गॅस-वीज एवढाच ताळेबंद मांडला की सरपण बाहेर राहतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था ते धरते, म्हणून तिच्या आकड्यांत भारतीय घरं एकदम मोठी दिसतात. त्या संस्थेच्या हिशेबाने जगात इमारती चालवायला एकूण अंतिम (म्हणजे वापरणाऱ्याच्या हाती पोचलेल्या) ऊर्जेच्या ३० टक्के लागते.

गोधडी

वाखुसा (वाचनखूण साठवली). असे धागे वर राहोत. राजकारणाचे चार धागे खाली ढकललेत याने.

चिलरवाला

व्यावसायिक वाटा का हलला नाही, या प्रश्नावर लिहितो. हिंजवडी-खराडी पट्ट्यात इमारतींची देखभाल हाच माझा धंदा, तेव्हा थोडं पाल्हाळ सहन करा.

पहिलं म्हणजे सगळ्याच रकान्यांत वाढ झाली. व्यावसायिक वापर प्रचंड वाढलाय, पण एकूण आकडाही तितकाच फुगला, म्हणून टक्केवारी जागच्या जागी दिसते. १९७०-७१ ला तो २५७ कोटी युनिटं होता. आता त्याच्या तीसपटीहून जास्त आहे.

दुसरं, एक इमारत किती खाते ते बघा. आमच्यात हिशेब चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिटं असा करतात. ऊर्जा दक्षता ब्युरोने २००९ ला ऑफिस इमारतींना स्टार द्यायला सुरुवात केली. त्या मूळ तक्त्यात संमिश्र हवामानाच्या पट्ट्यातल्या, बहुतांश वातानुकूलित ऑफिसला ९० च्या खाली आलं तर पाच स्टार, आणि १९० च्या वर गेलं तर एकही नाही. मधलं १५० धरा. एक लाख चौरस फुटांची इमारत म्हणजे सुमारे ९३०० चौरस मीटर, वर्षाला जवळपास १४ लाख युनिटं. मीटरवाचकांच्या ११०० युनिटांच्या सरासरी घराने भागलं तर साडेबाराशे घरं. आणि एक लाख चौरस फूट ही आमच्याकडे लहान इमारत.

यातली निम्म्याच्या आसपास वीज गारव्याला जाते. चिलर (पाणी गार करणारं मोठं यंत्र), पंप, कूलिंग टॉवर, मजल्यामजल्यावरचे हवेचे पंखे. चांगला पाण्यावर थंड होणारा चिलर एक टन गारव्याला तासाला ०.६ युनिट घेतो, घरगुती स्प्लिट एसी एकच्या आसपास. म्हणजे यंत्र आमचं चांगलं असतं, माती होते ती वापरात. बाहेर डिसेंबरची पुण्याची सुंदर थंडी, आत पश्चिमेच्या काचेतून ऊन, म्हणून चिलर चालू, आणि काचेपासून लांब बसलेली पोरं जर्किन घालून कोड लिहितायत. थर्मोस्टॅट २२ वर. एक अंश वर करा म्हटलं की भाडेकरू कंपनीचा मेल येतो. ब्युरो सांगतं एक अंशाला सहा टक्के वाचतात, पण मेलला उत्तर मला द्यावं लागतं.

आणि शनिवार-रविवारचा आलेख कधी बघितलात तर डोळे फिरतील. माणूस नाही, तरी सर्व्हर रूम, यूपीएस, जिन्यांचे दिवे, कोणीतरी चालू ठेवून गेलेला मजला. इमारत झोपतच नाही.

निंबोणी

चिलरवाला, मग नियम नाहीत का काही? नवीन इमारतींना काच किती लावायची वगैरे?

चिलरवाला

आहेत ना. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली व्यावसायिक इमारतींची संहिता २००७ ला आली, २०१७ ला कडक झाली. घरांसाठी इको-निवास संहिता २०१८ ला. त्यात भिंती-खिडक्यांतून आत शिरणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातलीय, चौरस मीटरला सरासरी १५ वॉट. २०२२ ला कायदा दुरुस्त झाला आणि मोठे गृहप्रकल्पही कक्षेत आणायची वाट मोकळी झाली. पण केंद्राने संहिता लिहायची, राज्याने अधिसूचित करायची, महापालिकेने बांधकाम परवानगीत तपासायची, अशी उतरंड आहे. कागद वरून खाली येईपर्यंत इमारत उभी राहून विकलीही जाते.

चांगली उदाहरणं पुण्यातच आहेत. हडपसरचं सुझलॉनचं 'वन अर्थ' पाहून या, पंधरा वर्षांपूर्वीचं आहे. बुटकं, पसरट, सावलीला लूव्हर म्हणजे तिरक्या पट्ट्या, उजेड आत येईल अशी रचना. आपल्याकडे नंतर जे काचेचे डबे उभे राहिले ते बघता ते कोणी पाहिलंच नसावं.

सदाशिवपेठी

काचेचे डबे कशाला, सिमेंटचे डबेही काही कमी नाहीत. आमच्या वाड्याच्या भिंती दीड हात जाड, वर माळवद. मे महिन्यात दुपारी पंखा न लावता झोपता येत असे. पुण्याला एसी लागतो हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. आता पुणं तापलंय असं म्हणतात.

अनु_स्वार

काका, पुणं तापायचं आधीही. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा एप्रिलचा विक्रम ४३.३ अंश, तारीख ३० एप्रिल १८९७. तेव्हा ना गाड्या होत्या ना बिल्डर. फरक पडला तो उन्हात नाही, छपरात. पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरा वाजता आपल्या डोक्यावर ती उष्णता सोडतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला विचारा. आम्ही राहतो. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग मारून घेतला तेव्हा स्लॅबला हात लावला तर पहिल्यासारखा चटका बसेना. एसी तरीही आहे, पण उशिरा लागतो आणि लवकर बंद होतो.

निंबोणी

आता घरात नक्की कोण काय खातं ते मांडते, कारण सगळे एसीवर घसरतात. एसी अजून देशातल्या शंभरातल्या आठ-दहा घरांतच आहे. पंखा मात्र सगळीकडे. साधा पंखा ७५ वॉट, दिवसाला बारा तास, महिन्याला २७ युनिटं. तीन पंखे झाले की ८१, म्हणजे राष्ट्रीय सरासरीचं बिल पंख्यांतच संपलं. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या काटकसरी मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास, तेवढ्याच वापराला ११ युनिटं. छतावरच्या पंख्यांना स्टारचं लेबल सक्तीचं झालं २०२३ च्या जानेवारीत. एसी आणि फ्रिजला ते तेराएक वर्षं आधीपासून होतं. देशात सगळ्यात जास्त असलेलं यंत्र सगळ्यात शेवटी रांगेत!

दिव्यांचं उलट झालं. ६० वॉटचा बल्ब जाऊन ९ वॉटचा एलईडी आला. २०१५ च्या उजाला योजनेत सरकारने एकगठ्ठा खरेदी केली, त्यात एका बल्बची खरेदी किंमत तीनशे-साडेतीनशेवरून दोनेक वर्षांत चाळिशीच्या खाली आली. छत्तीस कोटींहून जास्त बल्ब गेले. पंख्यांचं एवढ्या मोठ्या प्रमाणावर अजून झालं नाही.

आणि आपल्या पुणेकरांचा लाडका गीझर. वीस लिटरची बादली २२ अंशांवरून ४० ला न्यायला ०.४२ युनिट. चार माणसं, चार बादल्या, दिवसाला पावणेदोन, महिन्याला पन्नास युनिटं. शॉवरखाली गाणी म्हणणारा सभासद घरात असेल तर दुप्पट धरा.

ओहायोकर

फक्त एक भर. इकडे एसीने जो इतिहास घडवला तो तिकडे आता घडायला सुरुवात झालीय. ३० मे २०२४ ला भारताची कमाल मागणी २५० गिगावॉटला पोचली, तोपर्यंतचा विक्रम. तारीख बघा, मे महिना. कारखाने वर्षभर सारखे चालतात. मागणीचं शिखर बांधतो तो उन्हाळा, म्हणजे घरं आणि ऑफिसं. टक्केवारी तेहतीस असेल, पण कोळशाचं जादा केंद्र कोणासाठी उभारावं लागतं हे टक्केवारीत दिसत नाही.

वायरमन

रकान्यांच्या फटींवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी कंत्राटदार आहे, रोज मीटरच्या पेट्या उघडतो. कागदावरचं 'घरगुती' आणि प्रत्यक्षातलं 'घर' यांचं नातं दूरचं आहे.

घरात चालणारा छोटा व्यवसाय महिन्याला ३०० युनिटांच्या आत असेल तर आपल्या राज्यात घरगुती दरच लागतो. म्हणजे ट्यूशन, शिलाई, डबे, पार्लर सगळं घरगुती. सोसायटीची लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्याचे दिवे हेही घरगुतीतच. दवाखाना, शाळा, कॉलेज यांना आपल्याकडे 'सार्वजनिक सेवा' असा वेगळा वर्ग आहे, ते व्यावसायिकात नाहीत. दर वेगळा, त्यामुळे ज्याला जमेल तो स्वस्त वर्गात राहायला बघतो. घरगुतीला वीज शुल्क १६ टक्के आणि व्यावसायिकाला २१, शिवाय मूळ दरातला फरक. फ्लॅटमध्ये बारा पोरांचं पीजी चालतं, मीटर घरगुती. आता मीटरवाचकांना कळेल की ७-८ टक्क्यांत नक्की काय मोजलंय.

अजून बाहेर राहिलेलं: लाइट गेली की धडधडणारा जनरेटर. ते डिझेल विजेच्या तक्त्यात येत नाही. आणि इमारत बांधताना लागलेलं सिमेंट, सळई, वीट हे सगळं उद्योगांच्या ४१ टक्क्यांत. तुमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटची ऊर्जा कारखान्याच्या खात्यावर बसलीय.

मीटरवाचक

वायरमन, यासाठीच धागा काढला होता! म्हणजे 'इमारती' असा रकानाच नाही, आपण दोन रकाने जोडून तो बनवतो आणि दोन्हींच्या कडा गळक्या आहेत. पुण्यातल्याच प्रयास ऊर्जा गटाचा २०१६ चा एक अहवाल आहे, घरगुती विजेबद्दल आपल्याला काय माहीत आहे, याच विषयावर. त्यातही सूर हाच आहे, की बेरीज माहीत आहे, आतला तपशील तुकड्या-तुकड्यांत. नंतर २०२० मध्ये एकवीस राज्यांत पंधराएक हजार घरांची पाहणी एका दिल्लीच्या संस्थेने केली. ओहायोकर म्हणतात तशी सरकारी, ठरावीक वर्षांनी होणारी मोजणी मला सापडली नाही.

सोसायटीचा_सेक्रेटरी

सगळं वाचलं. पण मूळ सोलरचं काय? आमच्याकडे बसवलं म्हणून सांगतो. २०२४ च्या सूर्यघर योजनेत एका घराला तीन किलोवॉटपर्यंत जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान, आणि सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८ हजार. एक किलोवॉट दिवसाला चारेक युनिटं देतं, पावसाळ्यात कमी. सामाईक मीटरचं बिल जवळपास स्थिर आकारावर आलंय. मिळकतकरात महापालिकेची सवलत मिळते ती वेगळी, पाच टक्के, आणि सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यसंधारण यातले दोन प्रकल्प केले तर दहा. अर्ज स्वतः जाऊन द्या, एजंट धरू नका.

विरोध आमच्याकडेही झाला. सगळ्यात जोरात विरोध करणाऱ्यांची पापडं आता पॅनेलच्या शेजारी वाळतात.

वायरमन

सेक्रेटरीसाहेब, अभिनंदन. पण बघा, अजून एक फट. गच्चीवर बनलेली आणि तिथल्या तिथे वापरलेली वीज महावितरणच्या विक्रीत येत नाही. वापर तेवढाच, बिल मात्र घटलं. पाच-दहा वर्षांनी तक्त्यात घरगुती वाढ मंदावलेली दिसली तर त्यातली किती खरी बचत आणि किती गच्ची, हे वेगळं काढावं लागेल.

सदाशिवपेठी

बरं, एक शंका. नातवाने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आहे आणि माझ्याच मीटरवर लावतो. माझी ७८ युनिटं आता १०० च्या वर जाणार. ही वीज घरगुती की वाहतूक?

वायरमन

घरच्या मीटरवर लावली तर घरगुती. सार्वजनिक चार्जिंग स्टेशनला वेगळा वर्ग आहे.

चिलरवाला

काका, पण देशाच्या हिशेबात तुमचा नातू तोट्यात नाही. पेट्रोलच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला सव्वादोन लिटर लागतं, लिटरमध्ये नऊ युनिटं ऊर्जा, म्हणजे वीस. इलेक्ट्रिकला तेवढ्याच अंतराला साडेतीन. आता म्हणाल वीज कोळशाची. देशात तीन चतुर्थांश वीज कोळशाची आहे, केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी पस्तीसएक टक्केच वीज होते, वाटेत तारांमध्ये गळती. तरी धरून साडेतीनाचे बारा होतील. वीसच्या जागी बारा. फक्त वाहतुकीच्या खात्यातून वीस गेले ते दिसणार नाहीत आणि घरगुतीच्या खात्यात आलेले साडेतीन सगळ्यांना दिसतील. एवढ्या दुचाकींच्या शहरात पुढच्या दहा वर्षांत घरांचा वाटा वाढला म्हणून ओरड झाली, तर त्यात हेही असणार.

सदाशिवपेठी

म्हणजे नातू देशाचं भलं करणार आणि माझ्या बिलाचा स्लॅब (दराचा टप्पा) बदलणार. त्याला १०० च्या वरच्या युनिटांचे पैसे मागितलेत. म्हणाला, आजोबा, आधी तुमचे जुने तीन पंखे बदला. उद्या लक्ष्मी रोडला जाऊन बीएलडीसीचा भाव विचारतो. निंबोणी, रिमोट नसलेला मिळतो का? आमच्याकडे टीव्हीचाच सापडत नाही.

निंबोणी

मिळतो काका, भिंतीवरच्या बटणाने गती बदलणारेही आहेत. पण जुना रेग्युलेटर काढून टाकावा लागेल, बहुतेक बीएलडीसी पंखे त्यावर नीट चालत नाहीत. आणि घेताना डब्यावर लेबल बघा, स्टार आणि वॉट दोन्ही. नुसतं 'एनर्जी सेव्हर' छापलेलं असेल तर पुढच्या दुकानात जा.